खाली आणलेल्या फळ्या

९ जानेवारी

भावजी,

तुम्हाला फोन केला की तुम्ही ‘हं’ म्हणता, मग पुन्हा ‘हं’ म्हणता आणि मग ‘बरं, ठेवू?’ म्हणता. म्हणून पत्र लिहितेय. बोटं सुजलेली आहेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. एवढं पान लिहायला तीन दिवस लागलेत.

एक काम आहे. ताईचे हात वर जाईनात तेव्हा तुम्ही घरातल्या सगळ्या फळ्या, खुंट्या, आरसा, कपड्यांची दोरी खाली आणली होतीत. स्वेटर धुतल्यावर आटतो तसं भावजींचं घर आटलंय, अशी मी थट्टाही केली होती. आता तीच मापं मला हवी आहेत. ताईचा आमवात माझ्याकडे आला तेव्हा बोटांवर भागेल असं वाटलं होतं. आता उजवा खांदा गेला. डोक्यावरून कपडा काढायचा तर ह्यांना हाक मारावी लागते.

वर्गात मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते. मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून उतरवून घेतात. भूगोलाच्या बाईंचं नाव ‘अर्धा फळा’ पडलंय, हे मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. पोरं तोंडावर बोलत नाहीत, चांगली आहेत. नकाशा काढते तर देश वरून कोणीतरी बसल्यासारखा चेपलेला दिसतो.

डॉक्टर म्हणतात, खांद्याचा सांधा बदला. मी नाही म्हणाले. ताईचं पाहिलंय मी. कापून घेतलं, सहा आठवडे हात झोळीत अडकवला, आणि शेवटपर्यंत तिची वेणी तुम्हीच घालत होतात. ‘वाया गेलं गं सगळं,’ असं तिने स्वतः मला सांगितलंय. तेव्हा तो विषय नको. फक्त मापं पाठवा. माझी उंची तिच्यापेक्षा दोन बोटं जास्त, तेवढं धरा.

तुमची मेहुणी,
छोटी (वय वर्षं चौपन्न)


१७ जानेवारी

छोटीस,

पत्र मिळालं. मापं देतो. सगळी जमिनीपासून आणि सेंटिमीटरमध्ये आहेत.

रोजच्या डब्यांची फळी ९५. तिच्या वर काहीही ठेवू नये, कारण ठेवलं की माणूस हात घालतोच. कपड्यांच्या खुंट्या ११०. दिव्यांची बटणं ९०. वाळत घालायची दोरी ११५. लांब कपडे दुमडून घालावे लागतील, नाहीतर जमिनीला टेकतात. दाराची वरची कडी काढून टाकून खाली लावावी. आरशाचा मध्य ११५. हे माप स्टुलावर बसणाऱ्या माणसासाठी आहे, कारण ती स्टुलावर बसायची आणि मी मागे उभा राहून वेणी घालायचो. त्या आरशात मला उभ्याने स्वतःचं तोंड दिसत नाही. दाढी करताना गुडघे वाकवतो. सवय झाली आहे.

तुझ्यासाठी सगळ्यात तीन सेंटिमीटर वाढव. सोबत स्वयंपाकघराचा नकाशा काढून जोडला आहे. सुतारापुढे ठेव, त्याला कळेल. निवृत्त झाल्यापासून ड्रॉइंग बोर्ड उघडला नव्हता, त्यामुळे एक दुपार बरी गेली.

ऑपरेशनचं तू आणि डॉक्टर मिळून ठरवा. मी त्यातला माणूस नाही. एवढं मात्र सांगतो की ऑपरेशननंतर तिचा तो खांदा दुखला नाही. आधी कूस बदलताना जाग यायची, ती यायची बंद झाली.

माझी प्रकृती ठीक आहे. पुढच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल. साडूंना नमस्कार.

भावजी


२ फेब्रुवारी

भावजी,

फळ्या झाल्या. सुताराने तुमचा नकाशा बघून विचारलं की हे कोणत्या इंजिनियरनी काढलं, आणि मजुरी लावताना जरा घाबरूनच लावली. ह्यांच्या कमरेला आता फळ्या लागतात. घर आहे की बोगदा, असं विचारत फिरतात. लेक सुट्टीला आली, तिने एकेक फळी बघितली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिच्याच आग्रहाने पुन्हा डॉक्टरांकडे गेले. स्कॅन काढला. खांद्याच्या वाटीचं हाड आमवाताने आतून खात आणलंय. नवा सांधा त्याच हाडात स्क्रूने बसवायचा असतो. डॉक्टर म्हणाले, “उन्हाळा संपायच्या आत ठरवा. नंतर तुम्ही हो म्हणालात तरी मला खिळा ठोकायला भिंत उरायची नाही.” मी म्हटलं, माझ्या बहिणीची भिंत शाबूत होती, तरी तिचा हात काही वर गेला नाही. त्यावर ते म्हणाले, का नाही गेला ते कळलं तर बरं होईल.

तर आता विचारतेच. तुम्ही लिहिलंत, खांदा दुखत नव्हता. मग तिचं शेवटचं दुखणं कुठून आलं? तो धातू आत राहिला, तिथे काहीतरी चिघळलं आणि ते छातीत उतरलं, असं माझ्या मनात बसलंय. लेक म्हणते असं नव्हतं. पण ती कुठे तिथे होती? तुम्ही होतात.

आणखी एक आठवलं. ऑपरेशनच्या वर्षीच, ताई एकदा फोनवर खूप हसत होती. दवाखान्यात तिला, हाताचा व्यायाम घ्यायला तुमच्याकडे यायच्या त्या बाई भेटल्या होत्या. ‘गावाहून कधी आलात, बरेच महिने लागले,’ असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, ‘कालच आलो.’ एवढंच मला सांगितलं आणि हसत बसली. मी विचारलं, अगं कसलं गाव? तर म्हणाली, काही नाही, तुझ्या भावजींची गंमत. तुम्ही दोघं तेव्हा कुठे गेला होतात? मला कसं कळलं नाही?

छोटी


३ मार्च

भावजी,

महिना झाला. वर्षाच्या दिवशी फोन केला तर तुम्ही ‘हं, आहे बरा’ म्हणालात. त्या दिवशी तेवढंच पुरे म्हणून मीही ठेवला. पण पत्राचं उत्तर नाही. मी विचारायला नको होतं का? तसं असेल तर विसरून जा.

माझं ठरलंय. डॉक्टरांना ‘नाही’ असं कळवलं. वर्ष संपलं की शाळाही सोडतेय. मुख्याध्यापक म्हणाले, बसून शिकवा, खुर्ची देतो. पण बसून शिकवलेला भूगोल मलाच पटत नाही. अर्ज लिहून ठेवलाय, महिनाअखेर द्यायचा. एकदा दिला की दिला. वाईट वाटून घेऊ नका. फळ्या छान झाल्यात.

छोटी


८ मार्च

छोटीस,

तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं त्या दिवसापासून हे पत्र लिहितो आहे. चार वेळा फाडलं. माझ्या हातून रेषा बऱ्या येतात, वाक्यं येत नाहीत. तेव्हा झालं तसं क्रमाने लिहितो. हे वाचून होईपर्यंत तो अर्ज देऊ नकोस.

आधी तिच्या आजाराचं. तो खांद्यातून आला नाही. आमवात सांध्यांवर थांबतोच असं नाही, कधी फुप्फुसांनाही धरतो. तिच्या फुप्फुसांना धरलं आणि ती आखडत गेली. शेवटच्या महिन्यात छातीचे फोटो काढले, त्यात कोपऱ्यात तो खांदा आला आहे. फोटो काढणाऱ्याने तो उजेडावर धरला, छातीबद्दल काही बोलला नाही, आणि म्हणाला, “सांधा मात्र झकास बसलाय.” मी तो फोटो ठेवला आहे. वाटल्यास पाठवतो. त्यात पांढरा गोळा आणि त्याखालचा दांडा स्वच्छ दिसतो. आमवातात खांदा फिरवणारे स्नायू फाटलेले असतात, म्हणून तो सांधा उलटा बसवतात. गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा. मग बाहेरचा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो. पण त्याला ते शिकवावं लागतं. व्यायाम त्यासाठी असतो.

आता गावाचं. आम्ही कोणत्याही गावाला गेलो नव्हतो.

सहाव्या आठवड्यात झोळी निघाली. व्यायामाच्या बाई घरी येऊ लागल्या. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी भिंत चढत जायचं, जिथे बोटं थांबतील तिथे दर रविवारी मी पेन्सिलीने खूण करायची. अशा पाच खुणा झाल्या. पाचवी झाली त्या दहाव्या आठवड्यात बाई तिचा हात धरून वर ढकलत होत्या आणि ती ओरडली. इतकी वर्षं तिने दुखणं काढलं, पण तिला असं ओरडताना मी ऐकलं नव्हतं. मी खोलीतून बाहेर गेलो. जिना उतरून खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. बाई निघून गेल्यावर वर आलो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून सांगितलं की आम्ही गावाला चाललो आहोत, परत आलो की कळवू. आणि तिला सांगितलं, बाईंचा फोन आला होता, हात यापेक्षा वर जाणार नाही, आता पुरे असं म्हणाल्या.

ती भिंतीपाशीच उभी होती. तिने विचारलं, “असं म्हणाल्या?” मी हो म्हणालो. तिने हात खाली घेतला.

पुढच्या तपासणीला मोठे डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले की हात अजून वर जायला हवा होता, व्यायाम करता ना? मी मध्येच म्हणालो, करतो. ती काही बोलली नाही. घरात सगळं खालीच आणलेलं होतं. हात वर न्यायची कधी गरज पडली नाही. मी ती पडू दिली नाही.

तिचा त्रास बघवेना म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. सकाळी ती स्टुलावर बसायची आणि मी वेणी घालायचो, त्या पंधरा मिनिटांत मी बोलायचो. एरवी मी कसा आहे ते तुला माहीत आहे. पाठमोऱ्या माणसाशी मला बोलता यायचं. ऑफिसातलं, लहानपणचं, काहीही. हात वर गेला असता तर तिने वेणी स्वतः घातली असती. हे मी तेव्हा मनात स्पष्ट मांडलं नव्हतं, पण होतं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला कळलं नाही, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो. तुझ्या पत्रातलं ‘कालच आलो’ वाचलं तेव्हा समजलं की तिला कळलं होतं.

तिचं ऑपरेशन वाया गेलं नव्हतं. मी वाया घालवलं. तुझं ठरवताना तिचं उदाहरण धरू नकोस. माझं धर.

भावजी


२४ मार्च

भावजी,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुम्ही समोर असता तर मी काय बोलले असते ते इथे लिहीत नाही. आठ दिवस पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. ह्यांनाही दाखवलं नाही. ह्यांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं बोटं दुखतात.

राग आहे. तो असू दे. तीन वर्षं माझी बहीण केसांचा गुंता स्वतः सोडवू शकली नाही, कारण तुम्हाला बोलायला पाठ हवी होती. हे मी मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं आणि दर वेळी राग आला.

पण मग तिचं ते हसणं आठवतं. भावजी, ते कडू नव्हतं. मी तिची बहीण आहे, मला तिची सगळी हसणी माहीत आहेत. पोराने खोटी सही करून प्रगतिपुस्तक आणलं की आई जशी हसते तसं होतं. आणि ताई काही गरीब गाय नव्हती. तिला हात वर न्यायचाच असता तर तिने त्या बाईंना तिथल्या तिथे घरी बोलावलं असतं आणि तुम्हाला रस्त्यावर उभं केलं असतं. का नाही बोलावलं? तिलाही त्या दुखण्याचा कंटाळा आला होता, की तुमची पंधरा मिनिटं तिलाही हवी होती? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. विचारायची सोय राहिली नाही. तेव्हा सगळं आपल्याच डोक्यावर घेऊन बसू नका, तेवढे काही तुम्ही मोठे नाही.

मला ती ‘वाया गेलं’ म्हणाली ते तुम्हाला पाठीशी घालायला. तेव्हा माझा खांदा धड होता. तिला काय ठाऊक, मी त्या एका वाक्यावर माझा हात टांगून ठेवीन.

अर्ज फाडला. ११ एप्रिलची तारीख घेतलीय. सांधेदुखीचं एक इंजेक्शन आधी बंद ठेवायचं, जखम चिघळू नये म्हणून, आणि भूल देण्याआधी मानेचेही फोटो काढायचे. आमवात मानही सोडत नाही म्हणे. भीती वाटते. डॉक्टरांनी कसलंच वचन दिलं नाही. एवढंच म्हणाले, “दुखणं जाईल, हात किती वर जाईल ते अर्धं माझ्या हातात आणि अर्धं तुमच्या.”

दोन गोष्टी मागते. ताईची शेवटची खूण जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजून कळवा. आणि ऑपरेशनला येऊ नका. तेव्हा सगळेच येतात. तुम्ही दहाव्या आठवड्यात या. माझा व्यायाम चालू असताना खोलीत बसा. मी ओरडले तरी उठायचं नाही.

छोटी


२९ मार्च

छोटीस,

शेवटची खूण १२७. बाकीच्या खालून वर ९८, १०७, ११४, १२१. भिंतीला रंग द्यायचा होता, पण तेवढी पट्टी सोडून द्यायला सांगितलं. रंगारी म्हणाला, लहान मुलांची उंची मोजलीत वाटतं. मी हो म्हणालो.

२० जूनला येतो. तिकीट काढलं.

भावजी


३ मे

भावजी,

अक्षर लेकीचं आहे, बोलणं माझं. (काका, मी फक्त लिहितेय. सुधारायची परवानगी नाही.)

ऑपरेशन झालं. शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की जे दुखतंय ते वेगळं दुखणं आहे. जुनं गेलंय. तीन वर्षं घरात कोणीतरी पाहुणा ठाण मांडून बसावा आणि एक दिवस निरोप न घेता जावा, तसं वाटलं. हात झोळीत आहे. हे आता भाजी चिरतात, तुकडे एवढे मोठे की कढईत राहत नाहीत. (बाबा म्हणतात हे लिहू नको. लिहिलं.)

तुमच्या साडूंनी परवा एक उद्योग केला. माझा कंगवा उचलून माझे केस विंचरायला आले. मी म्हटलं, आज विंचरा, झोळी निघेपर्यंत विंचरा, पण तारीख लिहून ठेवा. ते म्हणाले, का? मी सांगितलं नाही. तुमचं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही, आणि हे मी लेकीला लिहायला सांगतेय म्हणजे तिने त्यातलं काही विचारायचं नाही. (विचारणार नाही. पण कळलं पाहिजे असं काहीतरी आहे हे कळलं.)

दहावा आठवडा लक्षात ठेवा.

छोटी


३० जून

छोटीस,

काल सुखरूप पोचलो. तुझ्याकडे आठ दिवस होतो, पण तुला माहीत आहे, मी फारसं बोललो नाही. म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी तुझ्या व्यायामाच्या बाईंनी मला खुर्ची दारापाशी दिली होती. मी ती उचलून खिडकीपाशी नेली. का ते तुझ्या लक्षात आलं असेल. दारापाशी मी माझ्यावर भरवसा ठेवला नसता.

तू ओरडलीस तेव्हा मी उठलो नाही, पण खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर बोटं आखडली. तू माझ्याकडे रागाने बघितलंस. मला वाटलं, तू मला नाही, त्या दिवशी जिना उतरून जाणाऱ्या माणसाला बघते आहेस. मग बाई म्हणाल्या, खूण कोण करणार? तू पेन्सिल माझ्याकडे केलीस. पेन्सिल हातात आली की मला काय करायचं ते कळतं. १२७ ओलांडून बोटं वर गेली. १३३ ला खूण केली. रेष किंचित तिरकी आली आहे. माझ्या हातून तिरकी रेष बऱ्याच वर्षांत आली नव्हती. खोडू नकोस.

तुझ्या त्या बाई म्हणतात की हात पूर्ण वर कदाचित जाणार नाही, पण फळ्याच्या वरच्या चौकटीच्या वीतभर खालपर्यंत जाईल. मी निघायच्या आदल्या दिवशी साडूंबरोबर तुझ्या शाळेत जाऊन फळा मोजून आलो आहे. तुला सांगितलं नव्हतं. वीतभर जागा सोडूनही नकाशा नीट मावतो, देश चेपणार नाही. शिपाई विचारत होता, अर्धा फळा कधी येणार. जुलैच्या शेवटी येतील, असं सांगितलं.

साडूंना सांग, तुझी रोजची फळी आता दर पंधरा दिवसांनी पाच सेंटिमीटर वर न्यायची. भोकांच्या जागा नकाशावर खुणा करून दिल्या आहेत. तुला राग येईल अशा उंचीवर फळी असू द्यावी.

आज सकाळी मी घरातला आरसा काढून वर लावला. मध्य १५८. पाच वर्षांनी दाढी सरळ उभं राहून केली. चेहरा ओळखीचा आहे, पण जरा लांबचा वाटला. खालची भोकं बुजवली नाहीत. स्टूल आहे तिथेच आहे.

दर रविवारी खुणेचा आकडा कळवत जा. पत्राने बोटं दुखत असतील तर फोन कर. मी ‘हं’च म्हणेन, पण लिहून घेईन.

भावजी